कंगव्याच्या रेघा आणि मुंजीची कॅसेट

मामांच्या लग्नाची डीव्ही फाइल (कॅमेऱ्याच्या डिजिटल कॅसेटवरून उतरवलेली) एमपी४ केल्यावर हलत्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात म्हणालात, ते इंटरलेसिंग. पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) कॅसेटमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, पण एकेका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रं विणलेली असतात.

एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममध्ये बीडब्ल्यूडिफ हा रेघा घालवणारा फिल्टर लावा. तो आपणहून प्रत्येक अर्ध्या चित्राची पूर्ण फ्रेम करतो, म्हणजे ५० फ्रेम मिळतात. यादिफ हा तसाच दुसरा फिल्टर नुसता लावला तर २५च राहतात. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातल्या मुंजीवर मी आधी तेच केलं होतं. पंगतीत वाढणारे काका अडखळत चालल्यासारखे दिसायचे!

त्यानंतरही चित्र पुढे-मागे थरथरलं, तर फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटा लागलाय. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, तसं फिल्टरला सांगा.

एन्कोडिंगला (फाइल दाबून लहान करायला) एक्स२६४ एन्कोडर, आणि त्यात दर्जा ठरवणारा सीआरएफ १८ ठेवा. एचडीपर्यंत ताणू नका, धूसरपणाच मोठा होतो. आणि ७२० बाय ५७६ पिक्सेल हे प्रमाण विचित्र वाटलं म्हणून माप बदलू नका, पाल डीव्हीचे पिक्सेल चौरस नसतात.

मूळ फाइल मात्र पुसू नका हो. तासाला १३ जीबी जातात, जाऊ देत.