किराणा ऑर्डरी भरायला गोडाऊनमध्ये रोबोट, आपल्या कोल्हापुरात परवडेल का?

लक्ष्मीपुरी_किराणा
मंडळी नमस्कार. लक्ष्मीपुरीत आमचं आजोबांपासूनचं किराणा दुकान आहे आणि मार्केट यार्डाजवळ एक गोडाऊन. लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सअपवर यादी घेऊन घरपोच द्यायला लागलो, ते वाढत वाढत आता रोजच्या १८०-२०० ऑर्डरी झाल्यात. गोडाऊनला पाच पोरं माल काढतात. एकेका यादीत तीस-पस्तीस जिनसा, शाबू एका टोकाला, साबण दुसऱ्या टोकाला, पोरगं एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हातानं क्रेट ओढत फिरतंय, आणि संध्याकाळी सात वाजले की चुका सुरू. एकादशीच्या आदल्या रात्री एका आजींना वरीऐवजी रवा गेला, पाकीट दिसायला सारखंच. त्या काही बोलल्या नाहीत, मी स्वतः जाऊन वरी देऊन आलो पण मनाला लई लागलं.
मागच्या आठवड्यात एक कंपनीवाला व्हिडिओ दाखवून गेला, रोबोट रॅकच उचलून माणसापुढं आणतोय. आकडा ऐकून वडील गप्पच बसले. ज्यांनी हे काम जवळून बघितलंय त्यांनी सांगा, आमच्याएवढ्या धंद्याला हे घ्यावं का? आणि एक आधीच सांगतो, पाचातली दोन पोरं बारा वर्षं आमच्याकडं आहेत, त्यांना काढायचा विषय नाही.

कागलकर_चाकणला
दादा, मी चाकणला गोडाऊन ऑटोमेशनमध्येच आहे, सहा वर्षं झाली. मशीन विकणं हेच आमचं काम आहे तरी सांगतो, आत्ता घेऊ नका.
कारण समजून घ्या. माल काढण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो चालण्यात, उचलण्यात नाही. व्हिडिओत बघितला तो प्रकार किवा नावाच्या अमेरिकन कंपनीनं चालू केला, माणूस रॅककडं जाण्याऐवजी रॅक माणसाकडं, आणि २०१२ ला अॅमेझॉननं ती कंपनीच ७७.५ कोटी डॉलरला घेऊन टाकली. किराण्यात सगळ्यात पुढं म्हणजे इंग्लंडची ओकाडो. तिथं माल खणांमध्ये एकावर एक रचलेला असतो, वर लोखंडी जाळी, आणि त्या जाळीवर वॉशिंग मशीनएवढे रोबोट सेकंदाला ४ मीटरपर्यंत पळत खालचे खण वर ओढून काढतात. ५० जिनसांची ऑर्डर पाच मिनिटांत गोळा होते, मी म्हणतो कमालच आहे. पण एवढ्या जाळीचा खर्च निघायला दिवसाला हजारो ऑर्डरी लागतात आणि त्या रोज लागतात, नुसत्या दिवाळीला नाही.
अमेरिकेत क्रोगर म्हणून लई मोठी किराणा साखळी आहे, त्यांनी २०१८ ला ओकाडोशी करार करून अशी गोडाऊनं उभी केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यातली तीन बंद करतोय म्हणून जाहीर केलं. त्याच्याही आधी वेबव्हॅन म्हणून घरपोच किराण्याची एक कंपनी होती, गिऱ्हाईक यायच्या आधीच ऑटोमॅटिक गोडाऊनं बांधत सुटली आणि २००१ ला बुडाली. मशीन चालतं हो, ते चालत नाही असं कुणी म्हणत नाही, पण मशीनला पुरेल एवढं काम रोज यायला पाहिजे.
आणि आपला माल बघा की. चौकोनी खोका असला तर रोबोटचा हात सक्शननं बरोबर उचलतो, पण जाळीच्या पिशवीतला कांदा? चिरमुऱ्याचं पोतं? गुळाचा रवा, म्हणजे ढेप? जाळीतनं हवा निघून जाते, पकडच बसत नाही. सुटा माल तोलायला शेवटी माणूसच लागतो.

उद्यमनगर_फॅब्रिकेशन
वरच्या भावानं बरोबर सांगितलंय, मी त्यात लोखंडाचं सांगतो कारण ते माझं रोजचं काम.
चालणंच कमी करायचं असेल तर एक ट्रॉली करा, त्यावर आठ क्रेट, प्रत्येक क्रेटला नंबर. पोरानं एकदा फेरी मारायची आणि आठ याद्यांचा शाबू एकदमच काढून ज्याच्या त्याच्या क्रेटमध्ये टाकायचा, आठ वेळा त्याच कोपऱ्यात जायचं कशाला. दुसरं, जो माल रोज जातो म्हणजे साखर, तेल, चहा, पोहे, डाळी, तो पॅकिंगच्या टेबलाजवळ कमरेच्या उंचीला आणा. त्याला उताराचे रोलरचे रॅक करता येतात, मागनं माल भरायचा, पुढनं काढला की पुढचं पाकीट आपोआप खाली सरकतं, आणि जुना माल आधी जातो हा फायदा वेगळाच. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, बिघडलं तर गल्लीत वेल्डर आहे.
बॅटरीवरनं आठवलं, ओकाडोच्या अँडोव्हरच्या गोडाऊनला २०१९ ला आग लागली ती रोबोटच्या चार्जिंगमधनंच, आणि २०२१ ला त्यांच्याच एरिथच्या गोडाऊनमध्ये तीन रोबोट एकमेकांवर आपटून पुन्हा आग. मशीन वाईट म्हणून सांगत नाही, पण असलं काही झालं तर आपल्याकडं इंजिनिअर यायचा पुण्यातनं, आणि पंचगंगेला पूर आला की शिरोलीला हायवे बंद. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा आपण बघितलंय. ऑर्डरी तर नेमक्या त्याच दिवसांत जास्त असतात.

पॅकिंगवाली_ताई
इथं सगळे मालक आणि इंजिनिअरच बोलायलेत म्हणून लिहिते. मी पुण्यात दोन वर्षं एका मोठ्या गोडाऊनला होते, रॅक आपल्यापुढं येतं तसलंच. खोटं कशाला सांगू, पाय वाचले. आधीच्या ठिकाणी रात्री घोटे सुजायचे, ते थांबलं. चुका पण कमी, कारण कुठल्या खणात हात घालायचा तिथं लाईट लागते. पण मग दिवसभर एकाच जागेवर उभं राहून वाका, उचला, वळा, आणि समोरच्या स्क्रीनवर सेकंद पळतायत. रॅक थांबत नाही ना, एक गेला की दुसरा हजर. पाणी प्यायला गेलं तरी आकडा लाल व्हायचा. माझी मान गेली ती अजून पूर्ण बरी नाही.
दादा, वरी आणि रवा शेजारी शेजारी ठेवलाय का तुम्ही? आधी ते लांब करा. आणि बारकोडचं स्कॅनर घ्या, चुकीचं पाकीट असलं की लगेच आवाज करतं. संध्याकाळी सातनंतर चुका होतात म्हणजे पोरं दमलेली असतात, त्यांना पाचला चहा आणि पंधरा मिनिटं बसायला द्या. पोरांनाच विचारा हो, कुठलं खण नडतंय ते त्यांना पाठ असतंय.

लक्ष्मीपुरी_किराणा
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, खरंच शेजारी होतं, आणि ठेवलं होतं मीच. आज हलवलं.
काल एका पोराच्या मागं मोबाईलमध्ये पावलं मोजत फिरलो. एका ऑर्डरीला ६४० पावलं, त्यातली निम्मी नुसती तेलाच्या कोपऱ्यात जाऊन परत यायची. तेलाचे डबे तिथं का, तर पूर्वी टेम्पो त्या दारानं यायचा, ते दार बंद होऊन आठ वर्षं झाली. पोराला विचारलं आधी का बोलला नाहीस, तर म्हणाला मालक, मला वाटलं काहीतरी कारण असेल.
कंपनीवाल्याला नको म्हणून कळवलंय. स्कॅनर दोन मागवलेत. उद्यमनगरवाले भाऊ, आमचा बोळ सव्वातीन फुटाचा आहे, आठ क्रेटची ट्रॉली त्यात वळेल का, का सहाचीच करायची? खालच्या कप्प्यात पाच किलोचे तेलाचे डबे बसायला पाहिजेत.

उद्यमनगर_फॅब्रिकेशन
सव्वातीनात सहाचीच करा, तीन खाली तीन वर, पुढची दोन चाकं फिरती. डब्याचं माप आणि बोळाचा फोटो पाठवा, आधी एकच करू, पोरांना चार दिवस वापरू दे मग बाकीच्या.