मदत हवी आहे: बहिणीचा बीपी १७०/११४ होता, गोळीने उतरला. तरी भरती करायचीच का?

तुरीचं_कुटार (रात्री ८:१०)

घाईत लिहितोय, चूकभूल माफ करा. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्यापासून १८ किलोमीटर आत. धाकटी बहीण पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली आहे. परवा ३७ आठवडे भरले. सातव्या महिन्यापर्यंत कार्डावर बीपी ११०/७० असाच लिहिलेला आहे.

आज उपकेंद्रात सिस्टरने पट्टा लावला तर १७०/११४. तिला शांत बसवून १५ मिनिटांनी परत घेतला, १६८/११२. लघवीत काडी बुडवली, प्रोटीन दोन प्लस. सिस्टरने स्वतःच १०८ बोलावली. ग्रामीण रुग्णालयात निफेडिपिन १० ची गोळी दिली, २० मिनिटांनी आणखी एक. तासाभराने १४६/९४ झाला. डॉक्टर म्हणाले, यवतमाळला न्या, झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन इथे देतो, तिकडे कळा आणून बाळंतपण करतील. आम्ही चिठ्ठी घेतली आणि इंजेक्शन न घेता तिला घरी आणलं. हो, घरी. शिव्या नंतर द्या, आधी ऐका.

बाबा म्हणतात, "गोळीनं उतरलं ना, मंग कायले जाच? तारखेले तीन आठवडे हायेत." वेचणीला माणसं लावलेली आहेत, घरात दुसरा गडी नाही. जावईबापू पुण्याहून फोनवर तापले, एवढा बीपी असून साधी सलाईनसुद्धा लावली नाही, नुसती गोळी दिली म्हणून. मामांना बीपी आहे, ते स्वतःच्या एनालाप्रिलची अख्खी पट्टी घेऊन आलेत, तारखेपर्यंत हीच रोज एक दे म्हणतात. आजीच्या मते उन्हाने डोकं धरलंय.

डोकं दुपारपासून दुखतंच आहे. जेवल्यावर छातीखाली दुखायला लागलं, आई पित्त म्हणते. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. तिला लहानपणापासून दमा आहे, पंप वापरते. आता बीपी किती आहे ते माहीत नाही, घरी मशीन नाही.

मामांची गोळी द्यावी का? आणि सकाळी निघालो तर चालेल का?

रानमेवा (८:१६)

लसणाच्या दोन पाकळ्या उपाशीपोटी आणि जेवण अळणी. आमच्याकडे सगळ्यांना गुण आला.

निवृत्त_सिस्टर_वाशीम (८:१९)

रानमेवा, गप्प बसा हो. मिठानं हा बीपी चढत नाही आणि लसणानं उतरत नाही.

भाऊ, सकाळ नाही, आत्ता. १०८ ला फोन लावा, मग पुढचं वाचा. डोकेदुखी आणि छातीखालचं दुखणं ही दोन्ही धोक्याची लक्षणं आहेत, पित्त नाही ते. मामांची पट्टी मामांच्याच खिशात राहू द्या. निघताना कार्ड, चिठ्ठी, दम्याचा पंप आणि रक्त देऊ शकतील अशी दोन माणसं सोबत घ्या. गाडीत तिला डाव्या कुशीवर झोपवा. वाटेत झटका आलाच तर कुशीवर धरून ठेवा, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काहीही घालू नका.

गडचिरोली_डॉक (८:३१)

ताईंनी मुख्य ते सांगितलं. बाबांना पटावं म्हणून थोडं लांबण लावतो. गाडी येईपर्यंत वाचून दाखवा.

१६०/११० किंवा त्यावर गेलेला बीपी १५ मिनिटांनीही तसाच असेल तर गरोदरपणात ती तातडीची अवस्था. अर्ध्या ते एका तासात औषध पोटात किंवा शिरेत गेलं पाहिजे, कारण एवढ्या दाबाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सिस्टरने दुसऱ्यांदा मोजलं ते त्यासाठीच. गोळी तो दाब उतरवते, बस. दुखणं मुळात वारेचं आहे. वार पोटात आहे तोवर ते आतल्या आत वाढत राहतं, लिव्हर, किडनी, रक्तातल्या प्लेटलेट सगळ्यांना धरतं. म्हणून १४६ दिसला की माणूस फसतो. ३७ आठवडे भरलेत, बाळ तयार आहे. आता थांबून बाळाला मिळायचं काही नाही आणि आईचं जाऊ शकतं.

जावईबापूंना सांगा, "नुसती गोळी" म्हणून नाक मुरडू नका. हा प्रयोग नागपुरातच झालाय. दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ गरोदर बायकांना निफेडिपिन, लॅबेटॅलॉल किंवा मिथिलडोपा यांपैकी एकेक तोंडाने दिलं. सहा तासांत, काही अपाय न होता बीपी आटोक्यात आला तो निफेडिपिनवर शंभरात ८४ जणींचा, लॅबेटॅलॉलवर ७७, मिथिलडोपावर ७६. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शिरेतून द्यायचं लॅबेटॅलॉलही उत्तम औषध, पण दमा असलेल्या बाईला आम्ही ते टाळतो, श्वासनळ्या आवळतात. तिथे कोणी नवीन डॉक्टर आले की दम्याचं आधी सांगा.

गोळी गिळायची असते. पूर्वी कॅप्सूल फोडून जिभेखाली थेंब टाकायचे, अजूनही काही ठिकाणी टाकतात. त्याने बीपी दणकन पडतो आणि वारेकडे जाणारं रक्तच कमी होतं. आम्हाला १२० नकोच असतो. १४०–१५० वर ९०–१०० च्या आसपास पुरतो.

मामांची एनालाप्रिल त्यांच्यासाठी चांगलीच आहे. पोटातल्या बाळाच्या किडनीला मात्र ती इजा करते, गर्भजल आटतं. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्यांचंही तेच. एकही गोळी नको.

काटोलची_सून (८:४०)

माझ्या जावेला असंच झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, सकाळी बघू. रात्री तीन वाजता झटका आला, घरातले अंगात आलं म्हणून लिंबू शोधत बसले. वाचली, पण आठवडाभर आयसीयूत होती. तुम्ही निघालात का? एवढंच लिहा.

तुरीचं_कुटार (९:०५)

गाडीत आहोत. बाबाही आले.

तुरीचं_कुटार (दुसऱ्या दिवशी, दुपारी १:२०)

रात्री पोहोचलो तेव्हा १६६/११०. परत निफेडिपिन दिलं. मग झटक्याचं इंजेक्शन, आधी शिरेत हळूहळू, नंतर दोन्ही कुल्ल्यांवर. बहीण म्हणते, अंगातून गरम पाणी फिरल्यासारखं वाटलं. आता सिस्टर सारख्या येऊन गुडघ्यावर हातोडी मारतात, श्वास मोजतात, लघवीची पिशवी बघतात. आई घाबरली, पाय गेले की काय म्हणून. कळांचं औषध सकाळी सुरू केलं.

गडचिरोली_डॉक (१:४५)

आईंना सांगा, हातोडी मारल्यावर पाय उडतोय ना, तेच बघायचं असतं. झटक्याचं ते इंजेक्शन म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ४ ग्रॅम शिरेत, ५–५ ग्रॅम दोन्ही बाजूंना, म्हणजे सुरुवातीलाच १४ ग्रॅम. मग दर चार तासांनी ५, बाळंतपणानंतर २४ तासांपर्यंत. हे बीपीचं औषध नाही, झटके येऊ नयेत म्हणून आहे. २००२ मध्ये ३३ देशांतल्या सुमारे १०,००० बायकांवरचा अभ्यास आला, त्यात झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला होता. पण शरीरात जास्त साचलं तर आधी गुडघा उडायचा थांबतो, मग श्वास मंदावतो. पाय उडाला नाही किंवा लघवी कमी झाली तर पुढचा डोस देत नाहीत. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट तयार असतं.

बाहेर पाठवताना या इंजेक्शनचा पहिला डोस कुल्ल्यांवर देता येतो. काल तेच देणार होते आणि तुम्ही पळालात. असो.

तुरीचं_कुटार (बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी)

मुलगी झाली, २ किलो ४००. बहीण बरी आहे. काल सुट्टी देणार होते, पण चौथ्या दिवशी बीपी परत १५६/१०२. वार तर पडली, मग आता का? आणि दुसरं, डॉक्टरांनी निफेडिपिनसोबत जी नवी गोळी लिहिली ती एनालाप्रिल! मामा वॉर्डाबाहेर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चिठ्ठी दाखवताहेत, "म्या काय सांगतलं होतं?"

निवृत्त_सिस्टर_वाशीम

अभिनंदन भाऊ, नात आली घरात.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा वर जातो, अंगात साठलेलं पाणी परत रक्तात येतं म्हणून. घाईने सुट्टी मागू नका. घरी आल्यावरही सहा आठवडे सावध राहा. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली की बाळंतिणीला वारा लागला म्हणत बसू नका. आशाताई घरी येतील तेव्हा बाळाच्या वजनासोबत आईचा बीपीही मोजायला लावा, नाहीतर सगळे बाळाभोवतीच जमतात.

गडचिरोली_डॉक

मामांना म्हणावं, बाळ आता बाहेर आहे. एनालाप्रिल दुधातून अगदी थोडी उतरते, पूर्ण दिवसांच्या बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. पण ती चिठ्ठीवर लिहिलेल्या डोसाने आणि दवाखान्यातूनच घ्या, मामांच्या पट्टीतली नको. पुढच्या खेपेला दिवस गेले की लगेच डॉक्टरांना हे सगळं सांगायचं, १२ आठवड्यांपासून ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात.

अंगठी निघाली का?

तुरीचं_कुटार

आज सकाळी निघाली. आईने पदराच्या गाठीत बांधून ठेवली आहे.