सख्ख्या बहीण-भावाच्या डीएनए रिपोर्टात टक्केवारी वेगळी कशी?

फोंड्याची_मुक्ता
नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण घर पेटलंय. धाकटा भाऊ दुबईला असतो. त्याने नळीत थुंकून पाठवायची ती डीएनए टेस्ट केली आणि मलाही किट आणून दिलं. चवथीला सगळे मूळघरी जमलो तेव्हा दोघांचे रिपोर्ट मोबाइलवर उघडले. माझ्यात 'मध्य आशिया' 9 टक्के, त्याच्यात 2. 'दक्षिण भारत' त्याच्यात माझ्याहून बरंच जास्त. आईबाप तेच! काकांनी गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बसल्याबसल्या निकाल दिला की लॅबवाल्यांनी नळ्या बदलल्या. काकी जे बोलली ते इथे लिहीत नाही. आई हसली, पण नंतर जेवताना गप्प होती. बाबा हयात नाहीत. तिला नीट काय सांगू?

म्हापशाचा_मास्तर
मुक्ताताई, काकींना म्हणावं, टक्केवारी तंतोतंत सारखी आली असती तरच संशय घ्यायचा. (कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, म्हणून जरा लांबण लागेल.)

आईकडून निम्मा, बापाकडून निम्मा, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. पण कोणता निम्मा? आईच्या शरीरात बीजांड तयार होताना तिला तिच्या आईकडून आणि बाबांकडून मिळालेली गुणसूत्रं शेजारीशेजारी येतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि जोडीतलं एकच पुढे जातं. हे दर खेपेला नव्याने होतं. त्यामुळे तुमच्यात जिथे आजीचा लांबलचक तुकडा बसला, तिथे भावात आजोबांचा असू शकतो. बापाकडूनही तसंच. सख्ख्या भावंडांत जुळणारा डीएनए सरासरी निम्मा भरतो, पण कुणात 40 टक्क्यांपर्यंत उतरतो, कुणात 60 पर्यंत चढतो. दहा पिढ्या मागे जा: कागदावर 1024 पूर्वज होतात, आणि त्यातल्या साधारण निम्म्यांचा एक तुकडाही तुमच्यात उरलेला नसतो. वंशावळीत नाव आहे, अंगात काही नाही!

आता ते 'मध्य आशिया'. कंपनीकडे आज हयात असलेल्या लोकांचे नमुने असतात, त्यांच्याशी तुमचा डीएनए ताडून ती अंदाज बांधते. त्या साठ्यात कोकणपट्टीची माणसं जितकी कमी, तितका आपल्या बाबतीत अंदाज ढिला. नमुने वाढले की रिपोर्ट बदलतो, माणूस तोच. शिवाय आपण सगळेच मिश्रण. हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्राची संशोधन संस्था) आणि हार्वर्डच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा असे दोन जुने पूर्वजगट साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी एकमेकांत भरपूर मिसळले, आणि मग जातीतल्या जातीत लग्नं करण्याची रीत घट्ट झाली. त्या मिश्रणातला कोणता तुकडा तुमच्या वाट्याला आला आणि कोणता भावाच्या, एवढाच फरक.

नळ्या बदलल्या का हे बघायचं तर टक्केवारी सोडा, 'मातृगट' बघा, सख्ख्या भावंडांत तो एकच असतो. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त 16,569 अक्षरांचा असतो. तो आईकडून येतो आणि त्यात अदलाबदल होत नाही. पिढ्यांमागून कधीतरी एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल त्या बाईच्या लेकीनातींत उतरत जातो; अशा बदलांवरूनच मातृगट ठरतो. जुन्या पोथ्यांची घराणी लावणारे असंच ओळखतात: एका लेखनिकाने गाळलेलं अक्षर ज्या ज्या नकलेत गाळलेलं, त्या सगळ्या त्याच पोथीवरून उतरलेल्या.

हे तंत्र आपल्या जुन्या गोव्यातच वापरलं गेलंय. सेंट ऑगस्टीन चर्चचा तो अर्धा उरलेला मनोरा पाहिला असेल. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये इराणात शिराजला मारली गेली आणि तिचे अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणले, अशी नोंद होती. त्या पडक्या चर्चच्या उत्खननात हाताचं हाड मिळालं, पण राणीचंच कशावरून? सीसीएमबीत त्याचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला. निघाला U1b गट. 22,000 हून अधिक भारतीयांत तो एकातही नव्हता, 30 जॉर्जियनांत मात्र दोघांकडे सापडला. 2021 मध्ये त्या अवशेषांचा एक भाग सन्मानाने जॉर्जियाला दिला गेला. एवढ्याशा अक्षरांवर!

रायबंदरकर
मास्तर, आणि पोर्तुगीज किती टक्के? आमच्या वाड्यावर दर घरात एक तरी घाऱ्या डोळ्यांचा पुतण्या आहे 😄

म्हापशाचा_मास्तर
पात्रांव, निराशा होईल. गोवा, कुमठा आणि मंगळूरच्या रोमन कॅथलिकांवर 2021 मध्ये अभ्यास आला. त्यांची मुळं बहुतांशी इथल्याच सारस्वतांशी जुळणारी निघाली. 450 वर्षं राज्य केलं, पण रक्तात फारसं काही ठेवून गेले नाहीत. घारे डोळे चित्पावनांतही असतात, त्यांना कुठे लिस्बनला पाठवणार?

मडगावची_सिस्टर
टक्केवारीपेक्षा आमच्या कामाला येतो तो बदल सांगते. G6PD नावाचं जनुक. त्या जनुकात बिघाड असेल आणि मलेरियात प्रायमाक्विन दिलं, तर तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते. म्हणून आधी रक्त तपासायचं. जनुक X गुणसूत्रावर, आणि पुरुषात X एकच, त्यामुळे त्रास पुरुषांना जास्त. असा वाईट बदल टिकला कसा? तर तो असलेल्यांना जीवघेणा मलेरिया कमी होतो. जिथे पिढ्यान्पिढ्या डास, तिथेच हा बदल जास्त.

फोंड्याची_मुक्ता
मास्तर, बघितलं. दोघांचाही मातृगट एकच, M मधली तीच पोटशाखा, शेवटच्या अक्षरापर्यंत. आईला दाखवलं, काकीलाही फॉरवर्ड केलं. आता भाऊ म्हणतो मामाचीही टेस्ट करूया. करू का?

म्हापशाचा_मास्तर
मातृगटासाठी नको, पैसे वाया. मामाचाही तोच येणार, तो तुमच्याच आजीचा मुलगा. आत्या असेल तर तिची करा. बाबांच्या आईचा गट बाबांकडे होता, पण बाप तो मुलांना देत नाही. आत्येकडे तो अजून आहे.