रानफुलांची जुनी चित्रं मोठ्या आकारात कुठे पाहता येतील?

पानगळ
नमस्कार. दोन पावसाळे झाले, सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत फिरून रानफुलं रेखाटतो आहे. चित्रकला शिकलेलो नाही. पेन्सिल बऱ्यापैकी चालते, पण जलरंग हातात घेतले की तेरड्याचं पान आणि कारवीचं पान एकाच हिरव्यात बुडतं. जुने चित्रकार हे कसं सांभाळायचे ते जवळून बघायचंय. नेटवर शोधलं की अंगठ्याएवढी चित्रं मिळतात. फुकट आणि मोठी कुठे मिळतील? या चित्रांवरून कुणी वेबवर काही नवं केलं असेल तर तेही सांगा.

शाईदौत
बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी, म्हणजे प्राणी-वनस्पतींवरच्या जुन्या पुस्तकांची वेबवरची लायब्ररी. ६ कोटींहून जास्त पानं, सगळी फुकट, उतरवूनही घेता येतात. सुरुवात 'कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन'पासून करा. ते १७८७ मध्ये सुरू झालं आणि त्यातली चित्रं १९४८ पर्यंत हातानं रंगवत. चित्रातलं झाडाचं एखादं पान पडदाभर मोठं करा. हिरवा सपाट भरलेला नसतो. शिरेच्या एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला पिवळसर असतो. मी आठवडाभर फक्त एक पान बघून काढत होते. त्यातून जेवढं शिकले तेवढं कुठल्या व्हिडिओतून शिकले नव्हते.

रंगपेटी
हिरव्याच्या अडचणीवर माझं उत्तर: 'वर्नर्स नॉमेनक्लेचर ऑफ कलर्स'. पॅट्रिक साइम या चित्रकारानं तयार केलेल्या या पुस्तकाच्या १८२१ च्या आवृत्तीत ११० रंग आहेत. रंगापुढे तो प्राण्यात, वनस्पतीत, खनिजात कुठे दिसतो ते लिहिलंय. प्रशियन निळा म्हणजे मॅलार्ड बदकाच्या पंखावरचा डाग, अॅनिमोनच्या फुलातले पुंकेसर आणि तांब्याचं निळं खनिज. बीगल जहाजावर डार्विनकडे हे पुस्तक होतं. निकोलस रुझो या डिझायनरनं ते अख्खं वेबवर आणलंय, शेजारी त्या पक्ष्या-फुलांचे फोटो लावून. फार प्रेमानं केलेलं काम आहे.

पण पडद्यावरचा रंग जसाच्या तसा उचलू नका, पद्धत उचला. माझ्या वहीत आता पोपटाची पाठ, कच्ची कैरी, विहिरीतलं शेवाळ, वाळत चाललेली मेथी असे १९ हिरवे आहेत, प्रत्येकापुढे कुठले दोन रंग मिसळले ते लिहून.

कोकणकडा
'होर्तुस मलाबारिकुस' बघितल्याशिवाय राहू नका. वर सांगितलेल्या लायब्ररीतच आहे. १६७८ ते १६९३, अॅम्स्टरडॅम, १२ खंड, मलबारच्या वनस्पती. चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, त्यामुळे सावली फक्त रेघांनी येते: रेघा दाट झाल्या की पान वळलं. पेन्सिलवाल्याला यापेक्षा चांगला गुरू नाही.

आणि पहिल्या खंडाच्या सुरुवातीची पानं चुकवू नका. कोचीचे कोकणी वैद्य रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट यांनी दिलेली साक्ष तिथे नागरीत छापली आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन ग्रंथात ती अक्षरं दिसली तेव्हा मला भरून आलं होतं.

तिरपीरेघ
थोडं वेगळं सुचवतो. पी५.जेएस म्हणजे कोड लिहून चित्रं काढायचं साधन. ते ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, कोड येत नसला तरी हळूहळू जमतं. ठिपके काढा: दर ठिपका आधीच्यापासून १३७.५ अंशांनी फिरवायचा, मध्यापासूनचं अंतर त्याच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या पटीत. सूर्यफुलाचा गाभा तयार होतो. मग १३७.५ चं १३७ करा, लगेच फटी पडतात. सोनकीही सूर्यफुलाच्याच कुळातली. हे केल्यापासून तिचा गाभा काढताना ठिपके कुठे टाकायचे ते हाताला कळतं.

पानगळ
मंडळी, मनापासून आभार. काल रात्री होर्तुस उघडलं आणि नागरीचं पान सापडेपर्यंत उठलो नाही. आईला दाखवलं, तिनं चष्मा लावून एकेक अक्षर लावत वाचायचा प्रयत्न केला. रविवारी हिरव्यांची वही सुरू करतोय. रंगपेटी, कागद कुठल्या जाडीचा वापरता?

रंगपेटी
३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत. पातळ कागद पाण्यानं फुगतो आणि रंग वाळल्यावर वेगळाच दिसतो.