बी४५० बोर्डाचा बायोस अपडेट करू की नको? लाईटचा भरवसा नाही (देवगड)

देवगडचो_झील:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो म्हणजे परत परत विचारायला नको. पीसी २०१९ चा आहे, बी४५० मदरबोर्ड, रायझन ३ २२००जी प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, विंडोज १०. आमचं हापूसचं पॅकिंग असतं, सीझनला पेट्यांची लेबलं, बिलं, गाडीची यादी सगळं याच्यावरच, आणि आंबे संपले की बहीण त्याच्यावर व्हिडिओ एडिट करते, तिला तो फार स्लो पडतो, दहा मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून ती भात लावते, भाजी करते, तरी झालेला नसतो.
आता मावसभाऊ गणपतीला दादरहून येताना त्याचा जुना रायझन ५ ५६०० देतोय, तो म्हणतो बसव आणि चालू कर. पण मी बोर्डाच्या साईटवर प्रोसेसरची यादी बघितली तर ५६०० च्या पुढे बराच नवीन बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) लिहिलाय, आणि माझ्या बायोसची तारीख २०१९ ची दिसते, म्हणजे घेतल्यापासून कोणी हातच लावलेला नाही. अपडेट करावाच लागणार असं दिसतंय, पण आमच्याकडे लाईट कशी ते तुम्हाला माहीतच आहे, वारा सुटला की कुठेतरी फांदी तारेवर येते आणि अर्ध्या तासात तीनदा जाते-येते. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड मेला असं सगळीकडे वाचलं. बाजारातला दुकानदार म्हणाला भानगडीत पडू नको, नवीन बोर्ड घे. इन्व्हर्टर आहे घरी पण लाईट गेली की पीसी कधीकधी रिस्टार्ट होतो. करू का? खरंच गरज आहे का?

कुडाळकर७:
नको करू रे. चालतंय ना, मग कशाला. माझ्या जुन्या बोर्डाला काहीही त्रास नव्हता, नुसतं नवीन व्हर्जन आलंय दिसलं म्हणून विंडोजमधूनच त्यांचं सॉफ्टवेअर टाकून अपडेट मारला, अर्ध्यावर विंडोज हँग झालं, दहा मिनिटं वाट बघितली आणि बटण दाबून बंद केला, संपलं. पंखा फिरायचा, स्क्रीन काळी. बोर्ड कोल्हापूरला पाठवला, तीन आठवडे गेले, ऐन गिऱ्हाइकाच्या दिवसांत. तुझा सगळा धंदा त्या एका मशीनवर आहे हे लक्षात घे.

चिपळूणचा_बेंचवाला:
कुडाळकर भाऊ, तुमचं नुकसान झालं ते वाईटच, पण तुमची केस आणि याची केस वेगळी आहे. तुम्हाला कारण नव्हतं, याला आहे. बी४५० बोर्ड २०१८ चे, ५६०० बाजारात आला २०२२ ला, २०१९ चा बायोस त्या प्रोसेसरला ओळखणारच नाही, पीसी चालू होईल पण स्क्रीनवर काही येणार नाही, आणि मग माणसं बोर्ड खराब म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. म्हणून झीला, अपडेट आधी आणि तो पण २२००जी बसलेला असतानाच. प्रोसेसर बदलून मग अपडेट करतो म्हणालास तर फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड पाहिजे, आणि बी४५० मध्ये ते थोड्याच बोर्डांना आहे. मागे यूएसबीजवळ तसं बटण दिसतंय का बघ, असेल तर अर्धी भीती इथेच गेली, कारण ते प्रोसेसर नसताना सुद्धा बायोस भरतं, म्हणजे बिघडला तरी परत भरता येतो.
पण त्याआधी एक गोष्ट, कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. तुझ्या २२००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, ५६०० मध्ये नाही!! तुझ्याकडे वेगळं ग्राफिक कार्ड आहे का? नसेल तर अपडेट एकदम व्यवस्थित होऊन पण तुला काळी स्क्रीनच दिसणार आणि तू बायोसला दोष देत बसणार. भावाला ५६००जी आहे का विचार, जी वाल्यात ग्राफिक्स असतं, नाहीतर एखादं साधं कार्ड बघ.
आता लाईटचं. बायोस ठेवायला बोर्डावर आठ पायांची एक छोटी चिप असते, नखाएवढी. अपडेट म्हणजे त्यातलं जुनं पुसायचं, नवीन लिहायचं, आणि बरोबर लिहिलं गेलं का ते वाचून बघायचं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. पुसलंय पण लिहून झालं नाही त्या मधल्या वेळात लाईट गेली तर गडबड. तेव्हा सुद्धा बोर्ड जळत नाही, फक्त चिपमध्ये अर्धवट मजकूर राहतो. माझ्याकडे सीएच३४१ए प्रोग्रामर आहे, चिपला वरून क्लिप लावायची आणि फाईल परत भरायची, काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात तेवढं बघून मग लावायची. हे काम करणारा माणूस शोध, एकदम नवीन बोर्ड घ्यायला धावू नको.

मांडवी_किनारा:
बेंचवाले दादांनी ग्राफिक्सचं बरं सांगितलं, मी तेच लिहायला आले होते. मी इन्व्हर्टरचं सांगते कारण रत्नागिरीत माझ्या क्लासला हाच त्रास होता. तुझ्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असं बटण असेल, बहुतेक मागच्या बाजूला, कुठे नॉर्मलच्या जागी इको लिहिलेलं असतं. नॉर्मलवर लाईट गेली की बॅटरीवर यायला वेळ लागतो, पंख्याला कळत नाही पण पीसीला कळतं आणि तो रिस्टार्ट होतो. ते यूपीएसवर टाक आणि मग परीक्षा घे, पीसी चालू करून डिलीट दाबून बायोसच्या स्क्रीनवर जा, नुसता तिथे बसू दे, काही बदलू नको, आणि कोणाला तरी मेन स्विच पाडायला सांग. असं चार-पाच वेळा कर. एकदाही रिस्टार्ट झाला नाही तर तुझी लाईटची काळजी मिटली. झाला तर कोणाचा तरी कॉम्प्युटरचा यूपीएस एका सकाळपुरता माग. विजा चमकत असतील त्या दिवशी हातच लावू नको, इंटरनेटची वायर पण काढून ठेव.
आणि गरज आहे का विचारलंस, तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २२००जी नावाने २००० सिरीज असला तरी विंडोज ११ च्या यादीत नाही, ५६०० आहे. म्हणजे तुझं बिलिंगचं मशीन पुढची काही वर्षं नीट चालवायचं तर हा बदल तसाही करायलाच हवा होता. प्रोसेसर बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रिसेट करायचा का असं विचारेल, तेव्हा ड्राईव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राईव्हचं कुलूप) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. आधीच बघून कागदावर लिहून ठेव. बिलांचा बॅकअप तर आजच घे.

देवगडचो_झील:
बाप रे, ग्राफिक्सचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आता व्हिडिओची वायर बोर्डालाच लावलेली आहे. भावाला फोन केला, ५६००जी नाही पण एक जुनं जीटीएक्स १०५० टीआय पडून आहे म्हणाला, चालेल का? फ्लॅशबॅकचं बटण नाही माझ्या बोर्डाला. मेन स्विच पाडून बघितला, नॉर्मलवर तीनपैकी दोनदा रिस्टार्ट झाला, यूपीएसवर सहापैकी एकदाही नाही! इतकी वर्षं ते बटण चुकीच्या बाजूला होतं, आणि सीझनला किती बिलं अर्धवट गेली. ताई, खूप आभार.

चिपळूणचा_बेंचवाला:
चालेल, बहुतेक १०५० टीआय ना वेगळी पॉवरची वायर पण लागत नाही. बटण नाही तर बोर्डाच्या बायोसमध्येच फ्लॅशचं टूल असतं त्यातून कर, विंडोजमधून अजिबात नको, कुडाळकर भाऊंचं तेच झालं. फाईल घेताना बोर्डाचं नुसतं नाव बघू नको, कोपऱ्यात रिव्हिजन छापलेली असते ती पण जुळव. बीटा, म्हणजे अजून चाचणीतला, घेऊ नको. काही बोर्डांना आधी एका मधल्या व्हर्जनवर जावं लागतं, ते डाउनलोडच्या खाली बारीक अक्षरात असतं, तेवढं शांतपणे वाच. पेनड्राईव्ह एफएटी३२ फॉरमॅट. बायोसमधल्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढ, कारण अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जातात. आणि चालू असताना स्क्रीन मध्येच काळी झाली, एक-दोनदा आपोआप रिस्टार्ट झाला, तरी बटणाला हात लावायचा नाही.
गणपतीत प्रोसेसर बदलशील तेव्हाचं सांगून ठेवतो. प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याच्या मधली २०१९ ची पेस्ट आता सुकून गोंदासारखी झाली असणार. पंखा सरळ वर ओढलास तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येईल आणि पिना वाकतील, या प्रोसेसरला पिना खालीच असतात, १३३१. आधी पंधरा मिनिटं पीसीवर काहीतरी जड काम चालव म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करून वायर काढ, आणि पंखा डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडव. घाई करू नको, पाहुण्यांच्या गर्दीत तर नकोच.

कुडाळकर७:
दादा, मी माझं वाक्य मागे घेतो, याला कारण आहे तर करू दे. माझ्याकडे कॉम्प्युटरचा यूपीएस आहे, कणकवलीला येणं असतं माझं, झीला, लागला तर सांग, आणून देतो.

देवगडचो_झील:
झालं मंडळी! रविवारी सकाळी सहाला केलं, वारा नव्हता, कुडाळकर दादांचा यूपीएस लावला आणि तो इन्व्हर्टरवर. मधल्या व्हर्जनचं खरंच लिहिलेलं होतं, दादांनी सांगितलं नसतं तर माझं लक्षच गेलं नसतं, त्यामुळे दोनदा करावं लागलं. दुसऱ्या वेळी शंभर टक्के झाल्यावर स्क्रीन काळी झाली ती मिनिटभर आलीच नाही, आई मागे उभी होती, ती पण बोलायची थांबली. मग लोगो आला. २२००जी वरच चालतंय सध्या, बहिणीने लगेच उघडून बघितलं, तिचे सगळे व्हिडिओ आहेत. रॅम तेवढी ३००० ची २४०० दाखवत होती, फोटोत बघून एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) परत चालू केलं. कुडाळकर दादा, यूपीएस गुरुवारी कणकवली स्टँडवर आणून देतो, कितीला येताय कळवा.