विषय: दिवाळीच्या कार्यक्रमात जुने टीव्ही, रंग, बॅटऱ्या गोळा करण्याबद्दल

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आवराआवरीत प्रत्येकाच्या गराजमधून काहीबाही निघतंच. यंदा कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या पार्किंगमध्ये एक टेबल लावावं, सगळ्यांनी जुने फोन, टीव्ही, बॅटऱ्या, रंगाचे डबे, बागेतली औषधं आणून द्यावीत, आणि सोमवारी आपल्यापैकी कोणीतरी मिनीव्हॅनमधून ते काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) घातक कचरा केंद्रात नेऊन द्यावं, अशी सूचना आली आहे. मंडळाच्या स्टोरेजमध्ये गणपतीच्या मखराचे रंग पडून आहेत, तेही त्यातच जातील. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा.

प्रेषक: सनीवेलचे काका

सचिवसाहेब, हरकत आहे. हेतू उत्तम, पण टेबल नको.

कॅलिफोर्नियात घरातला घातक कचरा आपल्या गाडीतून न्यायला एका खेपेला १५ गॅलन किंवा १२५ पौंड एवढीच मुभा आहे. आपल्याकडची गर्दी बघता ही मर्यादा चहा यायच्या आत ओलांडली जाईल. शिवाय माल एकदा मंडळाने ताब्यात घेतला की तो घरगुती कचरा राहत नाही. काउंटीची फुकट सोय रहिवाशांसाठी आहे. संस्थांना वेगळी नोंद करून पैसे मोजावे लागतात. दुसऱ्यांचा ई-कचरा गोळा करायचा तरी राज्याच्या विषारी पदार्थ नियंत्रण विभागाला आधी कळवावं लागतं. आणि शाळेच्या आवारात कीटकनाशक सांडलं तर पुढच्या वर्षी हॉल विसरा.

मखराच्या रंगांना मात्र वाट आहे. राज्यात २०१२ पासून ‘पेंटकेअर’ योजना चालू आहे. रंग विकणारी बरीच दुकानं त्यात उरलेला रंग फुकट घेतात, संस्थांकडूनही. मूळ डबा हवा, लेबल वाचता यायला हवं, झाकण घट्ट हवं. किती डबे घेतात ते दुकानाला फोन करून आधी विचारा.

मला खरी धास्ती बॅटऱ्यांची आहे. पिशवीत सुट्या टाकलेल्या लिथियम बॅटऱ्यांची टोकं एकमेकांना किंवा एखाद्या किल्लीला लागली की शॉर्ट होऊन पेट घेतात, आणि आग विझली असं वाटत असतानाच पुन्हा भडकतात. सॅन कार्लोसच्या शोअरवे या कचरा-पुनर्वापर केंद्रात सप्टेंबर २०१६ मध्ये मोठी आग लागली होती, तिच्यामागेही लिथियम बॅटरीचाच संशय होता. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे वरचं लेबलही दिसतं. फोन किंवा लॅपटॉप फुगून झाकण उचललं गेलं असेल तर तो दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, डबा घराबाहेर ठेवा आणि काउंटीला फोन करा. रिमोटचे साधे सेलही २००६ पासून इथे कचऱ्याच्या डब्यात टाकायला बंदी आहे. तरी आपली निम्मी मंडळी ते बिनदिक्कत टाकतात!

सांता क्लारा काउंटीत आधी वेळ घ्यावी लागते, पत्ता तेव्हाच कळतो. तिथे गाडीतून उतरायचंही नाही. ट्रंक उघडायची, ते लोक सामान उतरवून घेतात. अलमेडा काउंटीवाल्यांची केंद्रं वेगळी, पालो अल्टोचं शहराचं स्वतःचं. नेताना ब्लीच आणि बाथरूमचं अ‍ॅसिड एका खोक्यात ठेवू नका. सांडून एकत्र झालं तर क्लोरीन वायू तयार होतो, तोही बंद गाडीत.

टीव्ही न्यायचे कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. २००५ पासून इथे स्क्रीन विकत घेताना आपण पुनर्वापराचं शुल्क भरत आलो आहोत, जमा करणाऱ्यांना पैसे त्यातूनच मिळतात. २०२६ पासून बॅटरी आतच बसवलेल्या वस्तूंवरही तसं शुल्क लागू झालं आहे.

प्रेषक: फ्रीमाँटची ताई

काका, दोन शंका. सासूबाई येताना पाऱ्याचे थर्मामीटर घेऊन आल्या आहेत, सोबत सासऱ्यांचं बीपीचं जुनं यंत्र. डिजिटलवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. समजा घरात फुटलंच तर काय करायचं? आणि जुना लॅपटॉप इथे टाकण्यापेक्षा पुण्याला भाच्याला दिला तर?

प्रेषक: सनीवेलचे काका

ताई, थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ग्रॅम पारा असतो, बीपीच्या यंत्रात ८० ते १०० ग्रॅम. तेव्हा आधी ते यंत्र घराबाहेर काढ, थर्मामीटरवरून वाद नंतर घाल. दोन्ही उभी, झाकणाच्या डब्यात ठेवून फ्रीमाँटच्या केंद्रात दे.

थर्मामीटर फुटलाच तर मुलांना आणि मांजराला खोलीबाहेर काढ, खिडक्या उघड, हीटिंग बंद कर. झाडू नाही, व्हॅक्यूम तर मुळीच नाही. त्याच्या गरम हवेने पारा घरभर पसरतो. हातमोजे घालून दोन जाड पत्त्यांनी गोळ्या एकत्र ढकल, ड्रॉपरने ओढून घे, बारीक कण चिकटपट्टीने टिप. खोली अंधारी करून टॉर्च आडवा धरला की राहिलेले कण चमकतात. पत्ते, ड्रॉपर, पट्टी, मोजे सगळं बंद बरणीत घालून केंद्रात. सिंकमध्ये काही धुऊ नकोस. गालिच्यावर सांडला किंवा बीपीचं यंत्र फुटलं तर स्वतः हात न लावता काउंटीला फोन कर.

लॅपटॉप चालत असेल तर खुशाल दे, फक्त आपल्या खात्यातून बाहेर पडून आतली माहिती पुसून टाक. सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत ठेव. बंद पडलेला मात्र नेऊ नकोस. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, तरी खूपसा माल शेवटी भंगारवाल्याकडेच जातो आणि कोणीतरी वायरी जाळून त्यातलं तांबं काढतं.

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

टेबल रद्द. त्याऐवजी कार्यक्रमाच्या पत्रकात काउंट्यांचे फोन नंबर छापू, आणि प्रवेशद्वारापाशी चिकटपट्टीची रिळं ठेवू, ती घरी न्यायची. कृपया त्या दिवशी बॅटऱ्या घेऊन येऊ नका. मखराचे रंग मी आणि खजिनदार शनिवारी दुकानात देऊन येऊ.

काका, उरलेले फटाके कोण घेतं? स्टोरेजमध्ये फुलबाज्यांचं एक खोकं सापडलंय.

प्रेषक: सनीवेलचे काका

काउंटीचं केंद्र घेत नाही. उन्हात ठेवू नका, गाडीत घालून हिंडवू नका. अग्निशमन दलाच्या साध्या नंबरावर फोन करा, ९११ वर नको. आणि ते खोकं स्टोरेजमध्ये आणलं कोणी, हे कार्यकारिणीने एकदा विचारावं.