आईवडिलांना नुसतं "हो हो" करणं म्हणजे त्यांचा मान राखणं नव्हे

कोरेगावची लेक

परवा एका ताईंची पोस्ट फिरत होती, बऱ्याच जणांनी वाचली असेल. सार एवढंच की आईवडील सत्तरीच्या पुढं गेले की त्यांच्याशी राजकारणावर वाद घालायचा नाही, ते काहीही बोलले तरी "हो बाबा, बरोबर आहे" म्हणायचं, बातम्या लावल्या तर हळूच सीरियल लावून द्यायची, आणि मतदानाच्या दिवशी "एवढ्या उन्हात कशाला जाताय" म्हणून घरीच बसवायचं. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितेय.

माझे आबा ८३ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. काचबिंदूनं एक डोळा गेलाय, दुसऱ्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसतं. जेवणात मीठ नाही, चहात साखर नाही, गोळ्या भाऊ डबीत भरून ठेवतो, कपडे वहिनी काढून देते, आंघोळ कधी करायची तेसुद्धा बंबात पाणी कधी तापतं त्यावर. दिवसभरात त्यांचं स्वतःचं असं काय उरलं? एक मत उरलंय. सकाळी भिंग लावून अग्रलेख वाचतात, तासभर जातो त्याला, मग मला पुण्याला फोन आणि मग आम्ही भांडतो. ते म्हणतात तुला ७२ चा दुष्काळ माहीत नाही, तुझी आजी खडी फोडायला जात होती, सरकारनं काय करायचं असतं ते आम्हाला विचार. मी म्हणते आबा तुम्हाला आत्ताचं पुण्याचं घरभाडं माहीत नाही. भांडताना त्यांचा आवाज परत तोच होतो, भरलेल्या गाडीत मागून "चला पुढं सरका, मधी जागा हाय" म्हणायचे तो.

गेल्या दिवाळीत मी दमलेली होते म्हणून एकदा नुसतं "हो आबा, खरंय तुमचं" म्हटलं. ते थांबले. म्हणाले, "तुला बरं नाही का गं?" आणि थोड्या वेळानं, "का मीच एवढा म्हातारा झालो?"

तर ताई, तुमचं ते "हो बाबा" त्यांना बरोबर कळतं. त्यांना बहिरं समजा, खुळं समजू नका.

ठाण्याचा धाकटा

तुमचं वाचायला छान वाटलं पण तुमच्या घरी भांडण फोनवर मिटतं म्हणून तुम्ही असं लिहू शकता. आमच्याकडचं सांगतो. वडील सत्तरच्या दशकापासून शिवसेनेच्या शाखेत जाणारे. जून २०२२ ला पक्ष फुटला आणि आमचं घरपण फुटलं, थोरला भाऊ तिकडं गेला, वडील होते तिथंच राहिले. त्या वर्षी दसऱ्याला दोन मेळावे झाले, वडिलांना शिवाजी पार्कला जायचं होतं, भावाला बीकेसीला. सकाळी श्रीखंड पुरीचं ताट तसंच राहिलं, दोघं एकमेकांना जे बोलले ते मी इथं लिहू शकत नाही. भाऊ म्हणाला तुम्ही आयुष्यभर सतरंज्या उचलल्या, मिळालं काय. हे वाक्य मुलानं बापाला बोलायचं असतं का हो?

त्यानंतर बोलणं बंद. पुढच्या फेब्रुवारीत वडील गेले. भाऊ खांदा द्यायला आला तेव्हा आई त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. आज तो पक्ष, तो नेता, काही आठवत नाही, फक्त ते ताट आठवतं. त्या दिवशी भावानं "हो बाबा" म्हटलं असतं तर त्याचं काय गेलं असतं? मी त्या पोस्टला हात जोडणाऱ्यांपैकी आहे आणि परत जोडीन.

कोरेगावची लेक

वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण दादा, तुमच्या भावानं वाद नाही घातला, तो लागेल असं बोलला. "तुमचा पक्ष चुकला" आणि "तुमचं आयुष्य फुकट गेलं" ह्यात फरक आहे की नाही?

ठाण्याचा धाकटा

फरक बोलणाऱ्याला कळतो. ज्यानं पन्नास वर्षं त्यात घातली त्याला दोन्ही एकच ऐकू येतं.

रिटायर्ड मास्तर

मी ७१ वर्षांचा आहे, म्हणजे ज्यांच्याबद्दल तुम्ही बोलताय त्यांच्यातला. दोन्ही बाजू वाचल्या. एक म्हणतोय बाबांशी भांडा, एक म्हणतोय बाबांना सांभाळा, पण बाबा काय म्हणतायत ते कोणी विचारत नाही. मी सांगतो. मार्च २०२० मध्ये रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत बंद केली, पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०. कोरोना गेला, गाड्या सुरू झाल्या, सवलत परत आली नाही. आम्ही दोघं नागपूर, नातू पुण्यात. आधी वर्षातून तीनदा जायचो, आता एकदा. मुलगा म्हणतो मी तिकीट काढून देतो, अरे पण मला तुझ्या पैशानं नातवाला भेटायला यायचं नाही! हे राजकारण नाही का? हे जेवताना काढलं की सून म्हणते बाबा पॉलिटिक्स नको. मग मी बोलू कशावर, देवळाच्या भजनावर?

पिंपरीची सूनबाई

मास्तर, एसटीत तर ७५ च्या वर फुकट आहे ना, २०२२ पासून, आणि ६५ च्या पुढं अर्धं तिकीट. माझे सासरे कार्ड दाखवून आठवड्याला गावी जातात. तेवढं तरी चांगलं म्हणा.

रिटायर्ड मास्तर

चांगलंच आहे, नाही कुठं म्हणतोय. पण नागपूर ते पुणे एसटीनं बसून या एकदा, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्या माणसानं, मग बोलू.

नाशिकरोडवाला

मूळ मुद्द्यावर येतो. मतदानाचं लिहिलंय म्हणून सांगतो, इथं मला कोणी ओळखत नाही. आई ७९, दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका, उजवा हात चालत नाही, चष्मा लावूनपण चिन्ह ओळखू येत नाहीत. २० मे २०२४, व्हीलचेअरवरून नेली, सोबती म्हणून मी आत गेलो. तिनं कानात सांगितलं कोणतं बटण. मी माझ्या मनाचं दाबलं. तिनं जे सांगितलं ते तिला शेजारच्या मावशीनं फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओवरून होतं, सगळा खोटा व्हिडिओ, मी तिला चार वेळा समजावलं होतं. परिणाम आम्हाला भोगायचेत, माझ्या मुलांना भोगायचेत. चूक केली असं मला वाटत नाही.

कोरेगावची लेक

चूक नाही वाटत? अहो तुम्ही तुमच्या आईचं मत चोरलंत. दुसरा शब्द नाही ह्याला. फॉरवर्ड बघून मत देणारे तीस वर्षांचेपण ढिगानं आहेत, त्यांच्या हातावर हात ठेवून बटण दाबाल का? तिचा हात चालत नव्हता म्हणून तुम्हाला हात म्हणून नेलं होतं, डोकं म्हणून नव्हे.

नाशिकरोडवाला

तुम्ही पुण्यात बसून फोनवर भांडता. मी रोज आईचं सगळं करतो, हगणं-मुतणंसुद्धा. मला चोर म्हणायच्या आधी एक महिना येऊन करून बघा.

पिंपरीची सूनबाई

सेवा करतो म्हणून मत आपलं होतं का? मग सगळ्या सुनांना दोनदोन मतं द्या.

झेडपीच्या बाई

मी शिक्षिका, तीन निवडणुकांना ड्युटी केलीय, दोनदा केंद्राध्यक्ष होते, म्हणून बोलते. ज्याला दिसत नाही किंवा अंगात बळ नाही त्याला १८ वर्षांवरचा एक सोबती घेता येतो, पण त्या सोबत्याकडून लिहून घेतात की मत गुप्त ठेवीन आणि आजच्या दिवसात दुसऱ्या कुणाचा सोबती झालो नाही. सगळे न वाचता सही ठोकतात. मी एकदा एका मुलाला थांबवलं होतं, आईला घेऊन आत जाऊन आला आणि वडिलांना घेऊन परत आला. म्हणाला, मॅडम घरातली चार मतं मीच बघतो. वडील शेजारी उभे, जमिनीकडं बघत. आजींना तर हे लोक असे दंडाला धरून नेतात की आजीला काय पाहिजे ते विचारायची सोयच राहत नाही. आत काय दाबलं ते आम्हाला दिसत नाही, दिसायलाही नको. म्हणून सगळं त्या सोबत्याच्या इमानावर. नाशिकरोडवाले, तुम्ही सेवा करता ते मोठंच आहे, पण तुम्ही सही केली होती.

निफाडकर

बाई बरोबर बोलल्या, पण मी नाशिकरोडवाल्यांच्या बाजूनं थोडं बोलणार. माझी आई एकटी आत गेली, सोबती नको म्हणाली, मला अभिमान वाटला. बाहेर येऊन म्हणते, तुतारीला दिलं. आमच्या दिंडोरीत मशीनवर दोन तुताऱ्या होत्या! एक तुतारी वाजवणारा माणूस, म्हणजे शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह, आणि एक अपक्षाची नुसती तुतारी, त्यात दोन्ही उमेदवारांचं आडनाव एकच. मी विचारलं, माणूस होता का चित्रात? म्हणे माणूस कशाला पाहिजे, तुतारीच होती. गेलं मत. आणि ती एकटी नव्हती, त्या अपक्षाला लाखावर मतं पडली. आमच्याकडं तरी खरा उमेदवार निवडून आला, साताऱ्यात तर ३२ हजारांनी सीट गेली आणि त्या पिपाणीला, म्हणजे तसल्याच नुसत्या तुतारीला, ३७ हजार. विधानसभेला मग चिन्हाचं नाव बदलून ट्रम्पेट केलं, पण आधीचं गेलं ते गेलंच ना. आईला मी अजून सांगितलेलं नाही. माझं म्हणणं, म्हाताऱ्या माणसांना चिन्ह शिकवणं, घरी कागदावर काढून दाखवणं हे घरच्यांचं कामच आहे. त्यात कसला आलाय दबाव.

कोरेगावची लेक

चिन्ह काढून दाखवणं आणि बटण दाबणं एकाच तराजूत घालू नका. दाखवा ना, शंभरदा दाखवा.

सातारा निघालाच म्हणून सांगते. ७ मे ला आबांची सोबती मीच होते. घरून मतदान ८५ च्या पुढं, आधी ८० होतं ते त्याच वर्षी वाढवलं, आबा ८२, म्हणजे दोन्हीच्या मधी सापडले. रिक्षा केली, शाळेच्या पायऱ्या दोघांनी धरून चढवल्या. आत त्यांनी मला नंबर सांगितला, नावसुद्धा नाही, नंबर, वरून कितवा ते, घरून पाठ करून आले होते. कोणाचा ते सांगणार नाही, तशी सही केलीय. एवढंच सांगते की मला तो उमेदवार अजिबात पटत नव्हता, आदल्या रात्रीच त्यावर आमचं जोरात झालं होतं, आई उठून आत गेली होती. बोट बटणावर ठेवलं आणि खरं सांगते, एक क्षण मीही थांबले. त्यांना काय दिसणार होतं? तो चिठ्ठीचा डबा, काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, ते त्यावर नाक टेकवून उभे राहिले, तरी दिसेना. मला विचारलं, "काय आलं?" मी वाचून दाखवलं. जे दाबलं तेच.

रिटायर्ड मास्तर

हे चांगलं केलंस पोरी. पण परत सांगतो, बटणाचं एवढं चालू आहे, सवलतीवर मात्र कोणी एक शब्द बोललं नाही.

ठाण्याचा धाकटा

मास्तर, बोलतो. सवलत परत मिळायलाच पाहिजे, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. आणि हे नुसतं हो म्हणून हो नाहीये.

ताई, तुम्ही थांबलात ते लिहिलंत म्हणून तुमचं थोडं पटलं. थोडंच. घरात भांडायला चालतं हे मी नाही मान्य करणार. पण वडील असताना मी दोघांच्या मधी पडून सारखं "जाऊ दे ना बाबा, जाऊ दे ना दादा" करत राहिलो, आणि मला स्वतःला काय वाटतं ते वडिलांना एकदाही सांगितलं नाही, हे आत्ता हे सगळं वाचताना लक्षात आलं. त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, मला काय कळतंय त्यातलं.

कोरेगावची लेक

दादा, मीपण एक मान्य करते. बापाच्या आयुष्यावर जायचं नाही ही रेघ मीही दोनतीनदा ओलांडलीय. त्यांच्या संघटनेवरून बोलले होते एकदा. ते लिहिलं नव्हतं मी वर.

नाशिकरोडवाला

सकाळपासून चारदा उत्तर टाइप करून खोडलं. चोर शब्द मागे घ्या असं म्हणणार होतो, राहू दे. एकच विचारायचंय कोरेगावच्या ताईंना. तुमच्या आबांना दिसत नव्हतं, तुम्ही वाचून दाखवलं तेवढंच. तुम्ही खरंच त्यांचंच दाबलं ह्यावर त्यांचा विश्वास कसा बसला? त्यांनी नंतर विचारलं का?

कोरेगावची लेक

नाही विचारलं. बाहेर वडाखाली खुर्ची होती, तिथं बसवलं, पाणी दिलं. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून निरखून बघितलं, त्यांना तसंच बघावं लागतं. म्हणाले, "तोंड उतरलंय तुझं. म्हणजे बरोबर दाबलंस."

नाशिकरोडवाला

माझ्या आईनंपण विचारलं नव्हतं. रिक्षात माझा हात धरून बसली होती, चालतो त्या हातानं. म्हणाली, तू होतास म्हणून झालं बाबा माझं मतदान.

झेडपीच्या बाई

पुढच्या वेळी आई ८५ च्या आतच असतील, पण ४० टक्के किंवा त्याच्या वर अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर लोकसभा-विधानसभेला घरून मतदान मिळतं. १२डी फॉर्म, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. सर्टिफिकेटला वेळ लागतो, आत्ताच सिव्हिलला अर्ज करून ठेवा.